रात्री पाय नव्हे, मान चाचपून बघा

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल रात्री पुन्हा पुन्हा रडत उठलं की घरात म्हणतात, "जिद्दी आहे." पण कधी कधी कारण अंथरुणातच असतं.

उकडलं की आपण कूस बदलतो, चादर लाथाडतो. यातल्या अनेक मुलांना ताठ स्नायूंमुळे ते जमत नाही, सांगताही येत नाही. त्यात फोमची गादी आणि अंथरूण भिजू नये म्हणून घातलेलं प्लास्टिक उष्णता व घाम अडवून धरतं. पाय गार लागले म्हणून अम्मी आणखी एक रजई घालते. या मुलांचे हातपाय मात्र एरवीही गार असू शकतात. म्हणून मान किंवा छाती चाचपा. घाम असेल तर एक पांघरूण काढा.

बाजारात तापमान राखणाऱ्या चादरी मिळतात. काहींमधला मेणासारखा पदार्थ वितळताना उष्णता शोषतो, गोठताना परत देतो. पूर्ण वितळला की त्याचा गारवा संपतो. म्हणून आधी प्लास्टिकवर जाड सुती कापड आणि वर पातळ सुती पांघरुणं वापरून बघा. मुलाला स्वतः बाजूला करता येत नसेल तर वजनदार ब्लँकेट नकोच.

तरीही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं, पित्त किंवा फिट्स हेही कारण असू शकतं.