पाचगणीचा पियानो

पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरलं की सिल्व्हर ओकच्या रांगा सुरू होतात. १९५५ च्या सुमारास झांझिबारहून एक पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. फारूख बुलसारा. आडनाव बुलसरचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. आठ-नऊ वर्षांचं पोर आईवडिलांपासून समुद्रापार वसतिगृहात राहिलं, तिथेच 'फ्रेडी' झालं आणि पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतलं.

मला त्याच्या चरित्रातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. शाळेत पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानोवर बसायचा आणि मागून सूर मिळवायचा. पुढे लाखांच्या गर्दीला खेळवणाऱ्या या माणसाची सुरुवात अशी मागच्या रांगेतून झाली. एका आवाजाखाली दुसरा आवाज कसा बसवायचा, हे गायकाच्या आधी साथीदाराला कळतं.

१९६४ च्या क्रांतीत झांझिबार पेटलं आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनजवळच्या फेल्टमला आलं. फ्रेडी ईलिंगच्या कलाशाळेत ग्राफिक डिझाइन शिकला. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर 'क्वीन' उभा राहिला, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. बँडचं बोधचिन्हही फ्रेडीनेच काढलं, चौघांच्या राशी गुंफून.

आता १९७५. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. वडिलांच्या कचेरीतल्या कागदाच्या चिठोऱ्यांवर टिपणं लिहून तो यायचा आणि पियानोवर बडवून सहकाऱ्यांना गाण्याचा नकाशा समजावायचा. मधला ऑपेराचा भाग तिघांनीच गायला: टेलर वरचे सूर, मे खालचे, फ्रेडी मधले. दिवसाचे दहा-बारा तास गाऊन, आवाजावर आवाज चढवत तिघांचा त्यांनी अख्खा कोरस केला. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून उजेडाकडे धरली तर आरपार दिसू लागली. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं जाणकारांचं मत होतं. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

१३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या मैदानावर 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत क्वीनला वीसेक मिनिटं मिळाली. त्याची सुरुवात फ्रेडीने पियानोवर बसून केली. मग उठून अर्ध्याच दांड्याचा माइक हातात घेतला. हा अर्धा दांडा म्हणजे जुन्या एका कार्यक्रमात स्टँड मोडला होता, त्याची आठवण. त्याने नुसता सूर लावायचा आणि सत्तर हजारांनी तो परत करायचा. मागून सूर मिळवण्याचं काम आता साऱ्या मैदानाकडे होतं.

एड्सने त्याला पोखरलं. तरी १९९१ च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत, उभं राहणं कठीण असताना तो 'मदर लव्ह' गात होता. शेवटचं कडवं उरलं. दमलो, परत येऊन पुरं करतो, असं सांगून तो गेला. २४ नोव्हेंबरला, पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या घरी तो वारला. अंत्यविधी जरथुष्ट्री पद्धतीने झाला. ते राहिलेलं कडवं पुढे ब्रायन मेने गायलं.