पासवर्डची मुदत संपते तेव्हा

मायएसक्यूएल ५.७ ही डेटाबेसची आवृत्ती ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा तिच्या सेटिंगमध्ये एक आकडा आधीच भरून आला होता: ३६०. पासवर्ड बदलून इतके दिवस झाले की तो बाद. ज्यांनी तो आकडा पाहिला नाही, त्यांचा सर्व्हर वर्षभर बिनतक्रार चालणार आणि मग एके दिवशी डेटाबेस त्यांच्याच संकेतस्थळाला दारात उभं करणार नाही, हे ठरलेलंच होतं. फेब्रुवारी २०१६ मधल्या ५.७.११ ने हा आकडा शून्यावर आणला, म्हणजे मुदतच नाही.

असा सर्व्हर अडला की पहिला समज होतो, ‘कोणीतरी घुसलं’ किंवा ‘डेटा गेला’. यातलं काहीच झालेलं नसतं. डेटा जागच्या जागी असतो. ॲप्लिकेशनची जोडणी डेटाबेस तोडून टाकतो खरा, पण टर्मिनलवर बसलेल्या माणसाला जुन्याच पासवर्डने आत घेतो आणि नवा पासवर्ड दिल्याशिवाय दुसरं काही करू देत नाही. म्हणजे काम दोन ओळींचं. तरीही घाबरून लोक परवानग्यांची तपासणीच बंद करून सर्व्हर चालू करतात. तेवढ्या वेळात कोणीही विनापासवर्ड मालक होऊ शकतो, हे ध्यानात येत नाही.

‘मुदत ठेवली की सुरक्षा वाढते’ हा समज सर्वांत चिवट. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये सक्तीने बदललेल्या हजारो जुन्या पासवर्डचा अभ्यास केला. आधीचा पासवर्ड ठाऊक असेल, तर सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता आला. कारण उघड आहे. सक्ती झाली की माणूस ‘गणपती@१’ चा ‘गणपती@२’ करतो, आणि हल्लेखोरही माणूसच. शिवाय चोरलेला पासवर्ड चोर बहुधा लगेच वापरतो. नव्वद दिवस सांभाळून ठेवत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्ये ‘ठरावीक काळाने बदलायला लावू नये’ असं सुचवलं होतं; २०२५ च्या आवृत्तीत त्याची थेट मनाई झाली. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांच्या आयटी नियमांत मात्र ‘दर ९० दिवसांनी’ हे वाक्य अजून ठाण मांडून आहे.

लिनक्सवाल्यांचे समज वेगळेच. ‘मी किल्लीने, म्हणजे एसएसएच-कीने लॉगिन करतो, मला काय त्याचं?’ बहुतेक सर्व्हरवर कीने ओळख पटली तरी खात्याची वैधता वेगळी तपासली जाते, आणि मुदत संपली असेल तर तिथेही पासवर्ड बदलायची आज्ञा येते. त्या खात्याची क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामंही थांबतात. रात्रीचा बॅकअप असा गुपचूप बंद पडतो आणि ते कळतं बॅकअपची गरज पडल्यावर. दुसरा समज, ‘लॉगिन.डेफ्स’ फाइलमध्ये कमाल दिवस बदलले की झालं. ते फक्त पुढे उघडल्या जाणाऱ्या खात्यांना लागू होतं. जुन्या खात्याची तारीख ‘चेज’ या आज्ञेने पाहायची आणि तिनेच बदलायची.

आता कोणी म्हणेल, ‘मग पासवर्ड कधी बदलायलाच नको!’ तर तसं नाही. गळती झाली, नोकरी सोडून कोणी गेलं, पासवर्ड चार जणांत फिरला, की त्याच दिवशी बदला. ‘निस्ट’ही गळतीचा पुरावा असेल तर बदल सक्तीचाच करते. कार्डाने पैसे घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी: त्यांच्या पीसीआय नियमांनुसार लॉगिनला नुसता पासवर्डच असेल, तर ९० दिवसांचं बंधन एरवी चुकत नाही. त्यातून सुटण्याचा सरळ रस्ता म्हणजे ओळख पटवणारा दुसरा घटक जोडणं.

आणि ॲप्लिकेशनचं खातं माणसाच्या खात्यासारखं वागवू नका. ‘पासवर्ड बदला’ ही सूचना वाचायला तिथे कोणी बसलेलं नसतं. त्याची आपोआप संपणारी मुदत काढून टाका आणि बदल स्वतः ठरवून करा. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका खात्याला काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालतात. सगळे सर्व्हर नव्यावर आले की जुना रद्द करायचा, मध्ये काही बंद पडत नाही.