मालिकेने वाहिनी बदलावी का?

लॉस एंजेलिसच्या पोलिसांवरील ‘साउथलँड’ ही मालिका एनबीसी या अमेरिकी वाहिनीने २००९ मध्ये बंद केली. टीएनटी या केबल वाहिनीने ती उचलली आणि २०१३ पर्यंत चालवली. हे कसे जमले?

अँटेनावर फुकट दिसणारी एनबीसीसारखी वाहिनी मुख्यतः जाहिरातींवर जगते. तिला प्रचंड प्रेक्षकवर्ग लागतो. केबल वाहिनीला जाहिरातींखेरीज प्रत्येक जोडणीमागे दरमहा शुल्क मिळते, म्हणून कमी प्रेक्षकही पुरतात. शिवाय असभ्य भाषा आणि दृश्यांबाबतचे अमेरिकी प्रक्षेपण-नियम केबलला लागू नाहीत. आणि केबलवर वर्षाला २२ ऐवजी १० भाग केले, की कथेत पाणी घालावे लागत नाही.

मात्र केबल न परवडणारा प्रेक्षक दुरावतो. म्हणून बंद पडू पाहणाऱ्या चांगल्या मालिकेने केबलवर जरूर जावे; सगळ्यांनीच जाऊ नये.