तळ्यावरचें जाळें

कळव्याच्या पुलावरून जातांना खाडीच्या चिखलांत बगळे व पाणकावळे दिसतात. खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं अभयारण्य ठरला व २०२२ सालीं रामसर यादींत गेला. पण पक्ष्यांस सरकारी हद्द ठाऊक नसते. भूक त्यांस मत्स्यतळ्यांवरही नेते.

तेथें धनी बारीक नायलॉनचें जाळें पसरतो. तो धागा डोळ्यांस दिसत नाहीं. खंड्या सूर मारतो व पंख गुंतून लोंबकळतो. कांठाच्या जाळ्यांत विरोळा अडकतो, आणि तो बिचारा बिनविषारी! धन्याचें नुकसान खोटें नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु जाड दोऱ्याचें, ताणून बांधलेलें जाळें पक्ष्यास दुरून दिसतें; घातक तें सैल जाळें. शिवाय रोज सकाळीं कोणी तरी फेरी मारून गुंतलेला जीव सोडवावयास हवा.