बोअरच्या पाण्यावर तेलाचा तवंग

वाचकहो, समजा उन्हाळ्याचे दिवस आहेत, शिवारात बोअरची गाडी लागली आहे आणि मालक उपरण्याने घाम पुसत कडेला बसला आहे. दोनशे फूट झाले, तीनशे झाले. शेवटी दमट भुकटी वर आली, पाठोपाठ पाणीही आले. पण त्या पाण्यावर निळा-जांभळा, मोराच्या पिसासारखा तवंग! कुणीतरी बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "अहो, हे तर रॉकेल!" संध्याकाळपर्यंत गावात बोलवा होते की अमक्याच्या रानात तेलाची खाण लागली.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण जगात असे घडलेले आहे. अमेरिकेत १८५९ साली ड्रेक नावाच्या माणसाने टायटसव्हिल गावी तेलाची विहीर पाडली, ती मिठाच्या पाण्यासाठी भोके पाडणाऱ्या लोकांचीच रीत वापरून. आणि तेल लागले ते सत्तर फुटांच्या आत. ऑस्ट्रेलियात रोमा या गावी १९०० साली पाण्यासाठी भोक पाडताना ज्वालाग्राही वायू निघाला. बहरीन बेटावर फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या गृहस्थाने १९२५ साली तिथल्या शेखासाठी पाण्याच्या विहिरी पाडल्या. गोडे पाणी लागले, शेख खूश झाला, त्याने तेल शोधण्याचा परवाना दिला आणि १९३२ साली तिथे तेल निघाले. आफ्रिकेच्या पूर्व टोकाला सोमाली लोकांच्या कोरड्या मुलखात बर्बेरा बंदराजवळ दगह शबेल म्हणून जागा आहे. तिथे तेल आपोआप जमिनीतून पाझरते. अशा मुलखात पाण्याच्या विहिरीत तेल दिसले, असे कुणी सांगितले तर ते ऐकून घ्यावे लागते.

मग धाराशिवात का नाही? नळदुर्गाला, तुळजापूरला, परांड्याला का नाही?

याचे उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे. तेल म्हणजे पुराणकाळच्या समुद्रातल्या, तळ्यातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष. हे जीव मेले, तळाशी बारीक चिखलात गाडले गेले. त्यावर गाळाचे थर चढत गेले. दोन-चार किलोमीटर खोल गेल्यावर साधारण ६० ते १२० अंश उष्णता मिळाली आणि लाखो वर्षांत त्या अवशेषांचे तेल झाले. झाले म्हणजे साठले असे मात्र नव्हे. ते हलके, म्हणून वर सरकते. वाटेत वाळूच्या दगडासारखा सच्छिद्र खडक हवा, त्यावर न झिरपणारे झाकण हवे, आणि झाकणाला उपड्या घमेल्यासारखा बाक हवा. यातले एक जरी नसले तरी तेल वर येऊन उडून जाते.

आपला काळा फत्तर, ज्याला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात, तो गाळाचा नाही, तो लाव्हाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर दुसरा आला, तिसरा आला. धाराशिवच्या लेण्यांत जा, बालाघाटाच्या कड्याकडे पाहा, हे थर दिसतात. दोन थरांच्या मध्ये तांबडी माती दिसेल, सच्छिद्र मांजऱ्या दिसेल. आपल्या बोअरला पाणी लागते ते या मांजऱ्यात, फुटलेल्या दगडाच्या चिरांत आणि वरच्या मुरमात. त्याखालचा अखंड कातळ कोरडा ठणठणीत. ज्या दगडाचा जन्मच आगीतून झाला, त्यात जिवांचे अवशेष शिजून तेल कसे व्हावे?

"पण काळ्या दगडाच्या खाली काय आहे हो?" असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच. विचारावाच. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे, आणि ते फार मोठ्या दुःखातून मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरच्या औसा आणि आपल्या उमरगा तालुक्यांतली गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतर भूकंपाचे कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांवर खोल भोक पाडले. वरचे ३३८ मीटर सगळा बेसाल्ट. त्याखाली गाळाचा थर लागला, पण तो केवळ ८ मीटर! त्याखाली लागला तो अतिप्राचीन, कठीण पायाचा खडक. म्हणजे जिथे तेल शिजायला हजारो मीटर गाळ हवा, तिथे तो केवळ आठ मीटर आहे. पश्चिमेकडे कोयनेच्या भागात पुढे असेच संशोधनाचे भोक पाडले, तिथे बेसाल्टच १२४७ मीटर जाड निघाला. त्याखाली थेट पायाचा खडक.

आता थोडे गुजरातकडे पाहा. खंबातजवळ लुणेज येथे १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. गंमत अशी की त्या तेलक्षेत्राचा तळ आपल्याच बेसाल्टचा आहे. तिथली जमीन खचली, त्या खड्ड्यात समुद्राचा नि नद्यांचा गाळ किलोमीटरभर नव्हे, कित्येक किलोमीटर भरला आणि त्यात तेल झाले. तिथे बेसाल्ट तळाशी, आपल्याकडे तो माथ्यावर. एवढ्या फरकाने सारा हिशेब उलटतो. गुजरातमधल्याच पादरा येथे तर चिरा पडलेल्या बेसाल्टमधूनही तेल मिळाले आहे, पण ते शेजारच्या गाळातून चिरांत शिरलेले, पाहुणे तेल. मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने शोधले, ते मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात, चुनखडीच्या दगडात. आपल्या पठारावर ना तो खड्डा, ना तो गाळ.

मग तवंग कुठून आला? बहुतेक वेळा गाडीतूनच. बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर हॅमरला वंगण जाते, ते तळाशी उतरते आणि पहिल्या पाण्याबरोबर वर येते. दुसरे कारण लोहाचे जिवाणू. पाण्यात लोह असले की हे जिवाणू तेलासारखाच रंगीत पापुद्रा धरतात. परीक्षा सोपी आहे, शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावी: तवंगात काडी फिरवा. पापुद्रा फुटक्या ताटलीसारखा तुकडे-तुकडे झाला नि तसाच राहिला तर तो जिवाणूंचा; फिरून पुन्हा एकत्र मिळाला तर तेलाचा.

तिसरे कारण खरे काळजीचे. जवळपास पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी, डिझेलचा साठा किंवा गॅरेज असेल, तर गळलेले तेल त्याच चिरांतून येते ज्यांतून आपले पाणी येते. वंगणाचा तवंग पाणी भरपूर उपसल्यावर कमी होत जाऊन नाहीसा होतो. उपसूनही वास तसाच राहिला किंवा वाढला, तर ते पाणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये, आणि कुतूहलापोटी बोअरच्या तोंडाशी काडी तर मुळीच ओढू नये. वाफ पेटते, माणूस भाजतो.

अशा बोलव्याच्या वेळी गावात कुणीतरी शहाणा येतो आणि म्हणतो, आणखी दोनशे फूट जाऊ द्या, नशीब उघडेल. फुटाचा दर चालू राहतो, कर्ज वाढते, नशीब त्याचे उघडते. खरोखरच तेल लागले असे क्षणभर धरून चालू. तरी ते मालकाचे होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांचा हक्क शासनाचा, आणि तेल काढण्याचा परवाना १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखाली मिळतो. शेतकऱ्याच्या हातात राहते ते पाणी, म्हणून आधी पाण्याची चिंता वाहावी.

संशय असेल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना घ्या; प्लॅस्टिकच्या नको, कारण तेलातले घटक प्लॅस्टिकमध्ये मुरतात. बाटली काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, बोअरची खोली आणि तारीख लिहा, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात नेऊन द्या. शेजारी पंप किंवा साठा असेल तर तहसीलदारांनाही लेखी कळवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.