सिझेरियन झालेल्या बाळंतिणीचा सव्वा महिना

रोवणीचे दिवस होते. करडी परिसरातील एका खेड्यातून एक बाळंतीण तपासणीसाठी आली. सिझेरियन होऊन अवघे अठरा दिवस झाले होते. मजूर मिळेनात म्हणून ती दोन दिवस बांधीत उतरून चिखलात ओणवी राहिली होती. अंगात ताप होता, टाक्यांच्या एका टोकाला पू धरला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. घरात खायला काय देता, असे विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चहा-टोस्ट आणि थोडी पोळी. भात देल्ला तं टाके पिकते ना, डॉक्टरसाहेब!"

धान पिकविणाऱ्या घरातली बाळंतीण अठरा दिवस भातावाचून राहिली होती आणि टाके तरीही पिकले होते. ते भाताने पिकत नाहीत. ते पिकतात जंतूंमुळे, ओल्या आणि अस्वच्छ जखमेमुळे व अंगात रक्त कमी असल्यामुळे. जखम साफ करून रोज पट्टी करावी लागली. ती भरून यायला महिना लागला. सासूबाईंची माया खोटी नव्हती, फक्त माहिती चुकीची होती. म्हणून आजचा विषय.

पूर्वी गावात सिझेरियन क्वचितच ऐकू येई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये शंभरातील सुमारे २० बाळंतपणे सिझेरियनने झाली, २०१९-२१ मध्ये हा आकडा २५ वर गेला. म्हणजे चारांतली एक. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे ऑपरेशन होत नाही, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागते. परंतु तेथे बाळंतीण जेमतेम आठवडाभर राहते. पुढची सारी काळजी घरच्यांनाच घ्यायची असते.

सव्वा महिना कशासाठी?

सिझेरियनमध्ये कातडी, चरबी, स्नायूंवरचे मजबूत आवरण, पोटाच्या आतील पडदा आणि गर्भाशय असे एकेक थर उघडून पुन्हा शिवावे लागतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, त्यामुळे 'टाके सुकले, आता कामाला हरकत नाही' असे वाटते. आतील थरांना मात्र निदान सहा आठवडे लागतात. आपल्या आजीबाईंनी ठरविलेला सव्वा महिना आणि डॉक्टरांचे बेचाळीस दिवस यांत फारसा फरक नाही. या काळात आपल्या बाळापेक्षा जड काहीही उचलू नये. पाण्याची घागर, सरपणाचा भारा, धानाचे पोते आणि रोवणी, सारे वर्ज्य.

विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे मात्र नव्हे. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे शरीराचा कल असतो. सतत पडून राहिल्यास पायातील शिरेत गुठळी होऊ शकते. म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच आधार घेऊन उठावे, घरात थोडे थोडे चालावे. उठताना आधी कुशीवर वळावे व हाताच्या रेट्याने उठावे. खोकताना किंवा शिंकताना टाक्यांवर उशी किंवा घडी केलेले लुगडे दाबून धरावे.

टाक्यांची निगा

डॉक्टरांनी पट्टी काढल्यावर रोज आंघोळ करावी. जखमेवरून साबणाचे पाणी हलकेच वाहू द्यावे, चोळू नये. नंतर स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडे करावे. हळद, तेल, राख, पावडर काही लावू नये. हातपाय आणि पाठीला मालिश चालेल, पोटाला नको. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तो पाय मुळीच चोळू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. पोट करकचून बांधल्याने ते आत जात नाही. आधारासाठी सैलसर पट्टा बांधण्यास हरकत नाही.

बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची पद्धत अजून आहे. टाक्यांजवळची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसला तरी बाळंतिणीला कळत नाही. शिवाय बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो, तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. थंडीत ऊबदार कपडे द्यावेत, शेगडी नको.

खाणे-पिणे

भात, वरण, भाजी, पोळी, दूध, अंडी, मासळी, सारे द्यावे. जखम भरायला प्रथिने लागतात, ती डाळीत आणि अंड्यांत आहेत. मुनग्याचा म्हणजेच शेवग्याचा पाला आपल्या दारात असतो, त्याची भाजी अवश्य द्यावी. डिंकाचे लाडू चालतील, पण जेवणाच्या जागी नव्हे. पाणी कमी देण्याची चाल तर सोडूनच द्यावी. पाणी कमी पडले की मलावरोध होतो, लघवीला जळजळ होते आणि आईला थकवा येतो. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्याव्यात, मात्र दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत.

बाळाचे दूध

'सिझर झाले म्हणून दूध येत नाही' हा गैरसमज आहे. आई शुद्धीवर असली की पहिल्या तासातच बाळाला पाजता येते. पहिला पिवळसर चीक फेकू नये. कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजल्यास टाक्यांवर भार येत नाही. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध, घुटी, वरचे पाणी काही नको.

हे दिसले तर थांबू नका

ताप किंवा थंडी, जखमेतून पू, लाली किंवा उघडलेला टाका, अंगावरून दुर्गंधी स्राव, तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, पोटरीची सूज, दम लागणे किंवा छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके. यांतील एकही लक्षण दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. करडी परिसरातून भंडारा किंवा तुमसर गाठायला वेळ लागतो, तो आधीच हिशेबात धरावा.

मनाचीही विचारपूस करा. पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही उदासपणा गेला नाही, किंवा स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. 'तुझे कुठे खरे बाळंतपण झाले' असे टोमणे मारू नका. मुलगी झाली म्हणून जेवणात हात आखडता घेऊ नका.

हक्काची मदत

१ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी सोडण्याचे वाहन मोफत आहे. घरी आल्यावर आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. या घरभेटींचे मूळ आपल्या शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशाताई आल्या की बाळासोबत टाकेही दाखवा.

सहाव्या आठवड्यात एकदा तपासणी करून घ्यावी. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवावे. त्यासाठीची साधने आरोग्य केंद्रात मिळतात. पुढचे बाळंतपण रुग्णालयातच करावे आणि आधीच्या ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा.

रोवणी दरवर्षी येते. मजूर मिळत नाहीत ही अडचणही खरी आहे. पण सव्वा महिना त्या एका बाईला बांधीत उतरवू नका आणि तिच्या ताटातला भात काढू नका. घरच्यांनी एवढे केले तरी पुष्कळ टाके पिकायचे वाचतील.