इशारा पालकांच्या भाषेत हवा

मुलांच्या दम्यावर दिल्या जाणाऱ्या ‘माँटेलुकास्ट’मुळे काही मुलांत दुःस्वप्ने, आक्रमकपणा, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचारही उद्भवू शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर चौकटीतील ठळक इशारा सक्तीचा केला.

आपल्याकडे अनेकदा पट्टीतून मोजक्याच गोळ्या कापून मिळतात. माहितीपत्रक घरी पोहोचतच नाही. नोकरीनिमित्त चेन्नईलगतच्या सिरुसेरीत स्थिरावलेल्या मराठी पालकांपुढे भाषेचाही अडसर. मग मूल रात्री दचकू लागले, की दोष नव्या शाळेवर जातो.

औषध परस्पर थांबवू नये. वागण्यातील बदल मात्र डॉक्टरांना त्वरित सांगावा. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर पालकही नोंद करू शकतात. पण धोकाच ठाऊक नसेल, तर नोंद कोण करणार? औषधासोबत इशारा पालकांच्या भाषेत देणे शासनाने बंधनकारक करावे.